बोलता येईल इतक्याच वेगानं

शालिग्राम नानांच्या गळ्यात पिवळ्या दोरीची शिट्टी होती, आणि नेमकी हवी होती त्या दिवशी ती वाजली नाही. वना पाटील जाऊन तेरा दिवस झाले, तरी नानांच्या मनात एवढी एकच गोष्ट फिरत होती, घाण्याला जुंपल्यासारखी.

शिट्टीची गोष्ट सांगायची तर आधी त्या वर्गाची सांगायला हवी. जळगावातल्या एका दवाखान्यानं हृदयरोग्यांसाठी वर्ग सुरू केला होता. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी आठ वाजता, दवाखान्यामागच्या शाळेच्या मैदानावर. झटका येऊन गेलेला माणूस घरी परत येतो, पण जिन्याच्या चार पायऱ्यांनाही घाबरायला लागतो; बादली उचलत नाही, जोरात शिंकत नाही. अशा माणसांना नजरेखाली ठेवून पुन्हा चालायला शिकवायचं, एवढंच त्या वर्गाचं काम. शिकवणारी दीपमाला मॅडम तिशीतली होती, बोलायला गोड आणि शिस्तीला कडक. आल्याबरोबर नाडी आणि रक्तदाब बघायचा, वहीत लिहायचा, मग मैदानाच्या फेऱ्या.

तिचे नियम थोडेच होते. चालायचं ते जोडीनं. वेग इतकाच ठेवायचा की चालता चालता बोलता आलं पाहिजे. गाणं म्हणता येत असेल तर तुम्ही फार हळू चालताय. बोलणं तुटत असेल तर फार जोरात. आणि जोडीदाराचं बोलणं तुटलं की दोघांनी जागच्या जागी थांबायचं आणि शिट्टी वाजवायची. प्रत्येक जोडीत एकाकडे शिट्टी. नानांच्या जोडीत ती नानांकडे आली, कारण मॅडमच्या मते ते जबाबदार दिसत होते.

नाना दिसायला जबाबदार होते यात शंका नाही. चौतीस वर्षं त्यांनी एका कॉलेजच्या ग्रंथालयात ‘शांतता राखा’ या पाटीखाली बसून काढली होती. पण बोलत चालायचं म्हटल्यावर ते बिचकले. बायपासच्या आधी त्यांना इतकी धास्ती वाटली नव्हती. आपल्याला बोलता येत नाही, हे त्यांचं स्वतःविषयीचं जुनं मत होतं. काही सांगायला गेलं की वाक्य अर्ध्यात असतानाच त्यांना वाटायचं, हे ऐकून समोरच्याला काय मिळणार? मग ते उरलेलं वाक्य गिळून टाकायचे. पत्नी पुष्पाबाई होत्या तोवर त्या ते गिळलेलं वाक्यही ओळखायच्या. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. मुलगा हितेंद्र पुण्यात. दर रविवारी त्याचा फोन यायचा, आणि दोघंही मोकळं वाटल्यासारखे फोन ठेवायचे.

अशा माणसाला जोडीदार मिळाले वना पाटील. एरंडोलच्या पुढं पद्मालयाच्या वाटेवर त्यांचं गाव. कापूस आणि थोडी लिंबं. सकाळी पहिल्या एसटीनं निघून ते जळगावला यायचे. धोतर, वर स्वेटर, पायात मुलानं घेऊन दिलेले पांढरेशुभ्र बूट. वयानं नानांहून दोन-तीन वर्षांनी लहान असतील. त्यांच्या हृदयात दोन स्प्रिंगा बसवल्या होत्या, पण झटक्यानं हृदयाचा बराच भाग निकामी झाला होता. पंपिंग पस्तीस टक्के, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत, जणू नातवाचे मार्क.

पहिल्याच दिवशी त्यांनी नानांच्या छातीवरच्या टाक्यांकडे बोट दाखवलं होतं.

“तुमले टाका, माले स्प्रिंगी. दोन्हीसना मिळीसन एक धड मानूस व्हई जाई, नाना.”

तेव्हापासून वनाभाऊ बोलत राहिले. विहिरीत पडलेला गोऱ्हा बाहेर कसा काढला. बहिणीच्या लग्नात वरण-बट्टी कमी पडली तेव्हा वडिलांनी पाव्हण्यांना भजनात कसं गुंतवून ठेवलं. चुलतभाऊ उखर्डूनं चालवायला शिकायच्या आधी मोटरसायकल घेतली आणि पहिल्याच दिवशी ती थेट तलाठ्याच्या ओसरीवर चढवली. एका फेरीत एक गोष्ट संपायची आणि दुसरी सुरू व्हायची. मधूनच ते डावी मूठ उघडून तळहात बघायचे, पुन्हा मिटायचे. मधुमेहवाल्या माणसाला सुई टोचलेली बोटं बघायची सवय असते, तसं काही असेल असं नानांना वाटलं. त्यांनी विचारलं नाही.

नाना फक्त ‘हं’ म्हणायचे. त्यांच्याकडून तेवढंच व्हायचं.

पण त्या ‘हं’कडेही वनाभाऊंचं लक्ष होतं, हे नानांना दुसऱ्या आठवड्यात कळलं. उखर्डूची गोष्ट रंगात आली असताना वनाभाऊ एकदम थांबले, नानांना कडुनिंबाखालच्या बाकावर बसवलं आणि हात वर करून मॅडमना बोलावलं. नानांची नाडी खरंच जास्त निघाली. आदल्या रात्रीची गोळी घ्यायची राहून गेली होती. मॅडमनी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? वनाभाऊ म्हणाले, नानांचा हुंकार उशिरा आला. रोज माझं वाक्य संपलं की येतो, आज दुसरं वाक्य सुरू झाल्यावर आला.

सगळा वर्ग हसला. नानाही हसले. मात्र घरी गेल्यावर त्यांना ते आठवून कसंतरीच झालं. कुणीतरी आपल्याकडे इतकं बारीक लक्ष देतंय, हे त्यांना अवघड वाटलं. चार वर्षांत तशी सवय मोडली होती.

महिनाभरात त्यांचे कान किटले. सकाळची हवा, कडुनिंब, शाळेच्या भिंतीवर बसलेले पोपट, हे सगळं त्यांना गप्प राहून बघायचं होतं. समोरासमोर सांगण्याचं धैर्य नव्हतं, म्हणून त्यांनी चिठ्ठी लिहिली. चार वेळा लिहिली आणि चौथी ठेवली. ‘मॅडम, शक्य असल्यास जोडीदार बदलून मिळावा. वनाभाऊ सज्जन आहेत, त्यांच्याविषयी तक्रार नाही. मला शांततेत चालण्याची सवय आहे, इतकेच.’ शुक्रवारी वर्ग संपल्यावर कुणी बघत नाही असं पाहून ती त्यांनी मॅडमच्या वहीत सरकवली आणि चोरासारखे रिक्षात जाऊन बसले.

सोमवारी वनाभाऊ उशिरा आले. नाडी थोडी जास्त लागली. स्टँडवरून धावत आलो, असं ते मॅडमना म्हणाले. तिनं पाच मिनिटं बसवून पुन्हा बघितली, तेव्हा जरा उतरली होती. हळू चाला, असं बजावून तिनं त्यांना सोडलं.

पहिली फेरी झाली. वनाभाऊ काही बोलले नाहीत.

नानांचे कान तापले. मॅडमनी चिठ्ठीचं सांगितलेलं दिसतंय, वनाभाऊ रुसलेत. त्यात त्यांचं काय चुकलं? आपणच नीच. काहीतरी बोलावं, असं नानांना वाटत राहिलं. ‘आज गप्पसे?’ एवढे दोन शब्द त्यांनी मनात तीन-चारदा जुळवले. पण ते विचारलं की चिठ्ठीचा विषय निघणार, आणि मग काय तोंड दाखवायचं? म्हणून ते भिंतीवरच्या पोपटांकडे बघत चालत राहिले. खोटं कशाला सांगायचं, त्या शरमेच्या तळाशी त्यांना थोडं बरंही वाटत होतं. महिनाभरानं शांतता मिळाली होती.

दुसऱ्या फेरीत वनाभाऊंनी डावी मूठ उघडून बघितली, तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. जानेवारीतल्या त्या थंडीत त्यांच्या कपाळावर घाम होता. तो नानांनी पाहिला. धावत आलेत ना, असं त्यांनी मनाशीच उत्तर देऊन टाकलं.

तिसऱ्या फेरीत, कडुनिंबाजवळ, वनाभाऊंनी नानांचं कोपर धरलं. घट्ट धरलं. आता हे चिठ्ठीचं विचारणार, असं वाटून नाना गडबडले. त्या महिनाभरात त्यांनी वनाभाऊंना पहिल्यांदाच एक पुरं वाक्य ऐकवलं.

“राहू द्या वनाभाऊ, आपण नंतर बोलू.”

वनाभाऊ खाली बसले. मग आडवे झाले. नानांनी शिट्टी तोंडाला लावली, पण ती ओठांत नीट धरता आली नाही, हवा नुसतीच बाहेर गेली. मागच्या जोडीतल्या बाईंनी हाक मारली तेव्हा मॅडम धावत आली. जिभेखाली गोळी, मग स्ट्रेचर. नाना वनाभाऊंचा डावा हात धरून दवाखान्याच्या दारापर्यंत गेले. तळहातावर बॉलपेननं निळं काही लिहिलेलं होतं, घामानं फिसकटलेलं. नानांचा चष्मा कडुनिंबाखालीच पडला होता, म्हणून वाचता आलं नाही. अकराच्या सुमाराला डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं.

बुधवारी वर्गानं वनाभाऊंसाठी दोन मिनिटं मौन पाळलं. नानांना ती दोन मिनिटं सोसली नाहीत. सगळे पांगल्यावर ते मॅडमजवळ गेले आणि विचारलं, माझी चिठ्ठी तुम्ही त्यांना दाखवली होती का?

तिचे डोळे सुजलेले होते. तिनं सांगितलं, दाखवली नाही. शुक्रवारी वनाभाऊ फाटकाजवळ रिक्षाची वाट बघत होते, तेव्हा मी फक्त इतकं बोलले की नानांना तुमचं बोलणं जरा जास्त होतं, त्यांनाही थोडं बोलू द्या. त्यावर ते काय म्हणाले, असं नानांनी विचारलं. मान हलवली आणि गेले.

तेव्हापासून नानांच्या मनात दोन पारडी वर-खाली होत होती. वनाभाऊ रुसून गप्प होते, तर ते आपल्यामुळे दुखावून गेले. ते रुसले नव्हते, तर त्यांचं बोलणं तुटलं होतं. आणि शिट्टी आपल्या गळ्यात असताना आपण तीन फेऱ्या पोपट बघत होतो. दोन्हींतलं कुठलं तरी एकच खरं असणार. कुठलं खरं निघावं, हेही त्यांना ठरवता येईना. झोप उडाली. हितेंद्रचा रविवारी फोन आला तेव्हा त्यांनी सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. ते वर्गालाही जायचे थांबले. मॅडमनी दोनदा फोन केला. त्यांनी सर्दी झाल्याचं कारण दिलं.

गंधमुक्तीला, म्हणजे सुतक फिटण्याच्या विधीला, माणसांची गर्दी असणार म्हणून ते त्या दिवशी गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी एसटीनं एरंडोलला उतरले, तिथून रिक्षानं गावात. जाताना शिट्टी खिशात घातली. ती मॅडमना परत करायची राहूनच गेली होती.

घरापुढचा मांडव सोडून नेला होता. खड्डे तेवढे उरले होते. ओट्यावर एक सडपातळ बाई कापसातली कवडी, अर्धवट फुटलेली बोंडं, निवडत बसली होती. सुतकात राहून गेलेलं काम आता हातावेगळं करत असावी. नानांनी नाव सांगितलं, तेव्हा तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि आत बघून चहा टाकायला सांगितलं. ही ताईबाई, वनाभाऊंची बायको.

“बठ्ठा इसन गयात. मी म्हने, नाना कसा नही उनात?”

सगळे येऊन गेले तरी आपण आलो नव्हतो, हे ऐकून नाना ओट्याच्या कडेला टेकले. एसटीत त्यांनी काय सांगायचं ते मनात पाठ केलं होतं. त्यातलं काही आठवेना. मग त्यांनी सरळ विचारलं, वनाभाऊ माझ्यावर नाराज होते का? ते फार बोलतात म्हणून मी त्यांची तक्रार केली होती. दिवसभर बोलण्याची सवय असलेल्या माणसाला तसं म्हटलेलं लागलं असेल.

ताईबाईंचा हात कापसात थांबला. त्यांनी नानांकडे असं बघितलं, जणू ते दुसऱ्याच कुणाच्या दारावर आलेत.

“सवय? घर मा त्या कोठे बोलेत, नाना? दिन मा चार शबद.”

मग त्या सांगत गेल्या. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, पण या माणसानं घरात कधी गप्पा मारल्या नाहीत. शेतातून यायचे, जेवायचे, बैलांकडे जायचे. पहिल्या दिवशी त्या मॅडमनी सांगितलं, तुमच्या जोडीचे नाना बोलत नाहीत, त्यांना दम लागला तर मला कळणार नाही, तुम्ही त्यांना बोलतं करा. झालं. दवाखान्यानं काम दिलं म्हटल्यावर यांनी ते मनावर घेतलं. पहिल्या आठवड्यातच सांगण्यासारखं संपलं. मग रोज संध्याकाळी याच ओट्यावर बसून मला विचारायचे, उद्या नानांना काय सांगू? गोऱ्ह्याची आठवण मी दिली. उखर्डूचं मोटरसायकलचं सासूबाईंनी सांगितलं. विसरायला नको म्हणून तळहातावर लिहून न्यायचे. चौथी शिकलेला माणूस, एक शब्द लिहायला त्यांना वेळ लागायचा. मी हसायचे. म्हणायचे, पोरं शाळेत होती तेव्हा नाही केला, एवढा अभ्यास आता करताहात.

आतून चहा आला. नानांनी कप हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही.

“आणि त्या सोमवारी?” त्यांनी विचारलं. “त्या दिवशी हातावर काय लिहिलं होतं?”

रविवारी संध्याकाळी ते बराच वेळ बसले होते, ताईबाई म्हणाल्या. म्हणे मॅडमनी सांगितलंय, आता आपण नाही बोलायचं, नानांना बोलू द्यायचं. मग काय करायचं? विचारायचं. मला वाचता येत नाही, पण लिहिताना ते तोंडानं म्हणायचे, म्हणून मला पाठ आहे. तीन गोष्टी होत्या. एक, नानांचं गाव कोणतं. दोन, नानांची बायको कशी होती. मी म्हटलं, गेलेल्या बाईचं असं विचारू नये, बरं दिसत नाही. तर म्हणाले, कोणी विचारत नसेल म्हणून तर तो माणूस गप्प झाला असेल.

“आणि तिसरी?”

 ताईबाईंनी एक कवडी सोलून कापूस बाजूला ठेवला.

“नानाले भेव लागस का.” मग खाली बघत म्हणाल्या, “त्यासले लागे. मालेबी नही सांगं कधी. त्या दिन लिखता लिखता माले समजनं.”

म्हणजे वनाभाऊ रुसले नव्हते. ते विचारायला आले होते, आणि त्यांना विचारता आलं नाही. दोन पारड्यांतलं एक खाली टेकलं आणि तिथंच राहिलं.

नानांनी खिशातून शिट्टी काढून ओट्यावर ठेवली. मग सांगितलं. बोलता येईल इतक्याच वेगानं चालायचं हा नियम, बोलणं तुटलं की थांबायचं आणि शिट्टी वाजवायची, आणि ती माझ्याकडे होती. तीन फेऱ्या ते बोलले नाहीत. घाम मी पाहिला होता. रुसलेत असं समजून मी विचारलं नाही. माझं कोपर धरलं तेव्हा मी म्हटलं, नंतर बोलू. त्यांनी काही वगळलं नाही, शांतता बरी वाटली होती हेसुद्धा सांगितलं. इतकं सलग ते किती वर्षांनी बोलले होते कुणास ठाऊक.

ताईबाई शिट्टीकडे बघत होत्या. गल्लीतून एक ट्रॅक्टर गेला.

“पहिला फेरा मा शिट्टी वाजती, तर वाचतात का त्या?”

“माहीत नाही,” नाना म्हणाले. “मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हृदय फार कमजोर होतं. सांगता येत नाही. कदाचित.”

कदाचित हा शब्द उच्चारताना त्यांची मान खाली गेली. ताईबाईंनी ‘तुमचा दोष नाही’ असं म्हटलं नाही. ‘दोष आहे’ असंही म्हटलं नाही. पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं, आणि निवडलेला कापूस ओंजळीनं गोणीत भरला. गोणी भरून झाल्यावर त्या पुन्हा समोर येऊन बसल्या. या वेळी हातात काही काम नव्हतं.

“त्यासनं इचारनं राही गयं. आते माले सांगा.”

नानांना आधी समजलं नाही. मग समजलं. त्यांना वाटलं उठावं, एसटीची वेळ झाली म्हणावं. आणि ती झालीही होती. पण त्या बाई समोर बसून वाट बघत होत्या, अगदी तशा, जशा कधीकाळी पुष्पाबाई गिळलेल्या वाक्याची वाट बघायच्या.

“माझं गाव अमळनेर,” नाना म्हणाले. “वडील तेलाच्या कारखान्यात कामाला होते. घरात सगळ्याला तेलाचा वास यायचा. पुस्तकांनासुद्धा.”

“हं,” ताईबाई म्हणाल्या.

मग ते पुष्पाबाईंचं बोलले. त्या वाचायच्या नाहीत, पण नाना वाचत असले की शेजारी लसूण सोलत बसायच्या, आणि पान उलटायला उशीर झाला की विचारायच्या, रडवणारं आलं का? शेवटच्या दुखण्यात त्या तीन महिने अंथरुणावर होत्या. नाना रोज त्यांच्या उशाशी बसून मोठ्यानं वाचायचे. वाचायचे फक्त. स्वतःचं असं काहीच बोलले नाहीत, कारण बोलायला लागलं तर काय बाहेर पडेल, याची धास्ती होती. त्या गेल्या त्या दिवशी पुस्तकाची चाळीस पानं उरली होती. ती अजून तशीच आहेत.

“हं.”

राहिलं तिसरं. नानांनी ओट्यावरच्या शिट्टीची पिवळी दोरी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

“हो,” ते म्हणाले. “लागते भीती. घरात एकटा असतो. झोपताना दाराची कडी लावत नाही. काही झालं तर कुणाला तरी आत येता यावं म्हणून. हितेंद्रला हे सांगितलेलं नाही. वनाभाऊंना सांगितलं असतं तर ते... त्यांना तर... मी त्यांना...”

पुढचे शब्द येईनात. छाती वर-खाली होत होती, टाक्यांच्या रेषेत ओढल्यासारखं होत होतं, आणि तरी ते वाक्य पुरं करायची धडपड करत होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना ते गिळायचं नव्हतं.

ताईबाई पुढं सरकल्या आणि त्यांनी नानांचं कोपर धरलं.

“थांबा, नाना. पानी प्या. मंग सांगा.”